एका चमच्याचे दशलक्ष घनमीटर

दादा, धरण भरलं. आज सकाळच्या पेपरात पहिल्याच पानावर फोटो आहे. दारं उघडली आहेत आणि पांढरंशुभ्र पाणी खाली कोसळतंय. मी सवयीने पेपर तुमच्या खुर्चीवर टाकला, चार पावलं आत गेले आणि मग लक्षात आलं की आता तो वाचणार कोण. शरदने उचलला, चष्मा लावला, पुन्हा काढला आणि घडी घालून खुर्चीवरच ठेवला. तुम्ही असता तर "उपयुक्त साठा एवढे एवढे दलघमी" असं खणखणीत वाचलं असतं आणि मग माझ्या चहाच्या भांड्याकडे बघून माझी फिरकी घेतली असती.

उद्या तुमची तेरवी. अंगणात मांडव घातलाय, भाजीची पोती येऊन पडलीत, माणसांची ये-जा चालू आहे. पाहुण्यांसमोर मी अगदी शहाण्यासारखी वागते आहे. पण मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारल्याशिवाय हा मांडव उतरू नये असं वाटतं. दादा, तुम्ही तहानलेले गेलात का?

लगेच उत्तर देऊ नका. तुमची सवय मला माहीत आहे, उत्तर आधी आणि रीत नंतर. आज रीत मी मांडते.

तुम्ही माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, शरदचे मोठे भाऊ. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, असं शिकवूनच मला नेरला सासरी पाठवलं होतं. तुम्ही लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवायचं आणि घरी येऊन पडवीत पुन्हा गणितच शिकवायचं, यात तुमचा संसार झाला. कितीतरी वर्षं आपण एका घरात राहून शरदमार्फत बोलत होतो. मी दारात हातभर अंतरावर उभी असायची आणि तुम्ही ताटाकडे बघून म्हणायचे, "शरद, त्याईले सांग, वरनात मीठ जरासं कमी आहे." मी म्हणायची, "दादाले सांगा, मीठ ताटात डाव्या बाजूले वाढलं आहे." शरद बिचारा घास हातात धरून इकडचं तिकडे करायचा.

हे सगळं मोडलं एका केकमुळे. आमच्या लेकीने, प्राचीने पुण्याहून फोनवर कृती पाठवली. एक कप हे, दीड कप ते, दोन टीस्पून आणखी काही. माझ्या स्वयंपाकघरात माप म्हणजे मूठ, चिमूट आणि डोळा. मी शरदला म्हटलं, "दादाले विचारा ना, कप म्हंजे किती?" त्याला बाजारात सोयाबीन न्यायचं होतं, ट्रॅक्टर दारात उभा होता. "तुमी दोघं बोला ना एकमेकाशी! मी काय टेलिफोनचा खांब आहो?" असं म्हणून तो निघून गेला.

मी फोन हातात धरून दाराशीच उभी राहिले. शेवटी तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून म्हणालात, "दोनशे चाळीस मिली." मी पदर सावरून म्हटलं, "बरं." तिथे संपायला काही हरकत नव्हती. पण तुमचं कधी काही तिथल्या तिथे संपलंय का?

"म्हंजे शून्य पूर्णांक चोवीस लिटर," तुम्ही म्हणालात. मग घनमीटर झाले. मग म्हणालात, "आता दलघमीत सांगू?"

"कपाले दलघमीत कोन मोजते?" मी विचारलं. भासऱ्याशी बोललेलं ते माझं पहिलं धड वाक्य.

"आपन मोजू," तुम्ही म्हणालात.

पडवीत शिकवण्यांच्या वेळचा फळा होता. तुम्ही आधी समजावलंत. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. धरणाचं पाणी ज्या मापात पेपरात येतं ते माप. असा एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. मग खडू घेऊन लिहायला लागलात. शून्य, टिंब, आणि पुढे शून्यं. नऊ शून्यं काढलीत, फळ्याची कड जवळ आली, आणि तिथे अगदी शेवटी चोवीस लिहिलंत. मी पिठाचे हात तसेच घेऊन उभी होते. इतक्या शून्यांच्या मागे माझा कप उभा होता. इतका लहान, की असून नसल्यासारखा. पण होता. शून्य झाला नव्हता. दादा, खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आपल्या ओट्यावरची वस्तू त्या एवढ्या पाण्याच्या नात्यातली आहे, असं मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. केक अर्थातच बसला. तुम्ही दोन तुकडे खाल्लेत आणि वाईट म्हणाला नाहीत.

त्यानंतर आपल्याला खेळच लागला. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "दादा, फोडनीले दोन चमचे तेल!" आणि तुम्ही पडवीतून दलघमी सांगायचे. कधी घनकिलोमीटरवर जायचे, तेव्हा फळा पुरायचा नाही आणि शेवटचे आकडे दाराच्या चौकटीवर यायचे. मग तुम्ही मला लिहायला लावायचे. चमचा म्हणजे पाच मिली, तर शून्य पूर्णांक, अकरा शून्यं आणि पाच. मी दर वेळी एक शून्य गाळायची. मुद्दाम नाही हो, मध्येच दूध उतू जायचं, दारावर कोणी यायचं. शून्य गाळलं की संख्या दहापट होते. तुम्ही मोजायचे, हसायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमचा हात सढळ आहे. चमचा सांगतला तं तुमी पळी ओतली." शाळेत शून्याच्या चुकीला तुम्ही पोरांचे कान लाल करत होता, असं गावात अजून सांगतात. मला कधी रागावला नाहीत. पण चूक सोडलीही नाहीत. दर वेळी खडूने ते राहिलेलं शून्य मध्ये घुसवायचे आणि मगच चहाला हात लावायचे.

आपण तिघं धरणावर गेलो होतो, आठवतं? गणपती बसले होते आणि धरण असंच भरलं होतं. भिंतीवर उभं राहिलो तर एका बाजूला खाली हिरवी शेतं आणि दुसऱ्या बाजूला पाणी, पार आभाळाला टेकलेलं. तुम्ही माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलंत, त्यात पाणी भरलंत. "हे समजा एक चमचा," म्हणालात आणि कठड्यावरून धरणात टाकलंत.

"सांगा बाई, धरन वाढलं का नाही?"

"कायचं वाढते? दिसलं तरी का?"

"वाढलं. दिसलं नाही, एवढंच."

मग तुम्ही वाऱ्यात ओरडून हिशोब सांगितलात. एक दलघमी म्हणजे वीस हजार कोटी चमचे. "समजा एक मानूस सेकंदाले एक चमचा टाकून राह्यला. जेवन नाही, झोप नाही. तं एक दलघमी भराले त्याले सहा हजार वर्षांच्या वर लागतीन. आन् हे धरन काही एका दलघमीचं नाही."

शरद म्हणाला, "चाला आता, भूक लागली." मी मात्र कठडा घट्ट धरून उभी होते. सहा हजार वर्षं तो माणूस चमचा घेऊन उभा आहे, असं मला समोर दिसत होतं. पाण्याकडे बघितलं की गरगरत होतं आणि नजर काढवतही नव्हती. मी तोवर धरण पाहिलं नव्हतं असं म्हणायला हरकत नाही. आधी दोनदा आले होते, डबे उघडून जेवून परत गेले होते. त्या दिवशी मी हात जोडले. कोणाला जोडले, ते मला आजही सांगता येणार नाही.

पण हरले नाही मी. येताना सगळा रस्ता भांडले. मी म्हटलं, जे दिसत नाही ते शून्य समजून सोडून द्यावं, नाहीतर बाईमाणसाचा दिवस पुरायचा नाही. तुम्ही म्हणालात, "विरजन किती लावता?"

"चमचाभर."

"आन् दूध?"

"दोन लिटर."

"मंग? चमचा शून्य समजून सोडून द्या एक दिवस."

"विरजनाची गोष्ट येगळी आहे," मी म्हटलं. वेगळी कशी, ते मला सांगता आलं नाही. तुम्ही वर्षानुवर्षं विचारत राहिलात, दही वाढताना तर हमखास. ते उत्तर मी अजूनही शोधते आहे, दादा. तुम्ही गेलात म्हणून वाद मिटला असं समजू नका.

मग दिवाळीनंतर तुमचे पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. तुम्ही पायांकडे बघून म्हणालात, "आवक चालू, विसर्ग बंद. मीच धरन झालो." यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय, किडन्याही दमल्यात, पाणी अंगात साठतंय. दिवसाला एक लिटर. चहा त्यातच, ताक त्यातच, पातळ वरणही त्यातच. वर एक घोट नाही.

पुढच्या खेपेला तो तरुण डॉक्टर विचारायला लागला, "काका, पाणी किती घेता?" तुम्ही ताठ बसून म्हणालात, "शून्य पूर्णांक, आठ शून्य, एक. दलघमी." त्याने पेन खाली ठेवलं. शरदकडे वळून हळूच विचारलं, "हे असं कधीपासून बोलतात?" शरदला हसू आवरेना, म्हणून त्याने तोंडावर रुमाल धरला, आणि डॉक्टरला वाटलं तो रडतोय. मग आज वार कोणता, आपण कुठे आहोत, असले प्रश्न सुरू झाले. शेवटी म्हणाला, "शंभरातून सात वजा करा. पुन्हा सात करा. करत राहा." तुमचा चेहरा असा खुलला की त्या दवाखान्यात एवढा आनंदी पेशंट कोणी पाहिला नसेल. तुम्ही सरसर दोनपर्यंत उतरलात आणि विचारलंत, "आता ऋण संख्येत जाऊ का?" तेव्हा डॉक्टरही हसला. पण एक लिटरचं दीड लिटर काही त्याने केलं नाही.

आणि मग उन्हाळा आला. आपल्याकडचा उन्हाळा. कूलरसमोर बसूनही ओठ फुटतात असा. रोज सकाळी मी एक लिटरची बाटली भरून तुमच्या उशाशी ठेवायची. चहा अर्धा कप दिला की तेवढंच पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायची, म्हणजे बाटलीत जे उरलं ते तुमच्या वाट्याचं. ज्या हाताने आयुष्यात कधी माप पाहिलं नाही, त्या हातात औषधासोबत आलेलं पाच मिलीचं माप आलं. तुळस त्या उन्हाळ्यात अशी फोफावली की शेजारच्या बाया रोप मागून न्यायच्या. मी द्यायची, पण मनातून तिचा रागच यायचा.

तुम्ही एकदाही जास्त मागितलं नाहीत. तेच मला छळतं. मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, रडले असते, भांडले असते, आणि मला कळलं असतं. तुम्ही घोट तोंडात घोळवत बसायचे आणि डोळे मिटून गिळायचे. एका दुपारी मी आले तर तुम्ही माठाजवळ पाटावर बसला होता. माठ पाझरत होता, खालच्या वाटीत थेंब पडत होते आणि तुमचे ओठ हलत होते.

"काय करून राह्यले, दादा?"

"विसर्ग मोजून राह्यलो."

मी हसले. मग आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. वाटी उचलून तुमच्या पुढे धरावी असं किती वाटलं म्हणून सांगू. पण रात्री पाणी छातीत चढलं की तुमचा श्वास कसा अडायचा, तेही मीच पाहिलेलं. त्यामुळे वाटी मी उचलली ती तुळशीकडेच नेली. आजही तेच करेन. आणि तरीही विचारेन.

तोवर तुमचा हात थरथरायला लागला होता, म्हणून दिवसाचं पाणी फळ्यावर मी लिहायची. एका संध्याकाळी लिहून मागे वळले, तर तुम्ही बोटाने हवेत शून्यं मोजत होता. एकदा मोजलीत, पुन्हा मोजलीत. मग चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं.

"बाई, आज तुमी मले दहा लिटर पाजलं."

मी बघितलं. सातच शून्यं. धावतच खडू घेतला, राहिलेलं शून्य घालायला. आणि तुम्ही, गणिताचे मास्तर, ज्यांनी माझं एक शून्य कधी सोडलं नाही, ते म्हणालात, "राहू द्या."

"चूक आहे ना पन, दादा."

"राहू द्या. फळ्यावर तरी पिऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मी फार जपून लिहिलं. दूध खाली उतरवून ठेवलं, दार लावलं, आठ शून्यं नीट मोजून काढली. तुम्ही बोटाने मोजलीत आणि म्हणालात, "बरोबर." त्या बरोबरमध्ये काही दम नव्हता, दादा. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी पास झाल्याच्या आनंदात होते.

पावसाळ्यातल्या त्या शेवटच्या सकाळी शरदने तुमच्या तोंडात पाणी घातलं. मग त्याने चमचा माझ्याकडे दिला. भासऱ्याला शेवटचं पाणी धाकट्या भावाच्या बायकोने पाजावं की नाही, असं कोणीतरी पुटपुटलं. ढाणकीच्या आत्याबाई, तुमच्या वडिलांची बहीण, नव्वदीला टेकलेल्या, त्या कडाडल्या, "इतके दिवस तिनंच पाजलं, आता काय झालं? पाज वं बाई." मी तुळशीचं पान घातलेलं ते पाणी तुमच्या ओठात सोडलं. पाच मिली. ते आत गेलं नाही. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळून उशीवर आलं. सगळे म्हणतात, शांत गेले. मला मात्र तो ओघळच दिसतो.

म्हणून विचारते आहे.

तुमच्या खाटेच्या जागी त्या दिवसापासून दिवा आहे आणि पाण्याचा तांब्या. पहिल्या संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, "भर पानी." मी सवयीने माप शोधायला लागले. पाच मिलीचं ते माप हातात घेतलं आणि भानावर आले. आता कशाचं माप? मी माठातून लोटा बुडवून बुडवून तांब्या काठोकाठ भरला, वरून ओसंडेस्तोवर. फरशी ओली झाली. कितीतरी महिन्यांनी या हातांनी न मोजता पाणी ओतलं, आणि तेव्हा कुठे मी मोकळेपणाने रडले.

रोज आत्याबाई तांब्यात डोकावतात. पाणी कमी झालं की समजायचं, माणूस येऊन पिऊन गेला. रोज थोडंसं कमी होतं, आणि मी रोज पुन्हा काठोकाठ भरते. आज संध्याकाळी, शेवटचं म्हणून, मी स्वतः वाकून पाहिलं. काठापासून नखाएवढं खाली.

"पानी पिलं माया लेकरानं," आत्याबाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

तुम्ही काय म्हणाला असता ते मला ऐकू आलं. "वाफ झाली, बाई. दिव्याची धग आहे बाजूले. जाईन ढगात, पडन धरनात." बरोबर आहे. तुमचं नेहमी बरोबर असायचं. पण आज मी कठड्यावरची ती बाई नाही. जे दिसत नाही ते शून्य समजा म्हणणारी मी, नखाएवढ्या पाण्याकडे डोळे फाडून बघत होते. झाकणभर पाण्याने धरण वाढतं हे तुमचं म्हणणं मी आज मान्य करते. विरजणाचंही त्यातच धरा. मग तुम्हीही माझं एक मान्य करा.

मी ते पाच मिलीचं माप आणलं आणि तांब्या पुन्हा काठापर्यंत आणला. एकच चमचा लागला. तोच, जो ओघळला होता.

मग पडवीत गेले. पाहुणे बाहेर मांडवात होते. फळ्यावर तुमच्या शेवटच्या दिवसांचं काहीबाही पुसट दिसत होतं, ते तसंच ठेवून खालच्या कोपऱ्यात लिहायला घेतलं. शून्य, टिंब. दूध उतू जात नव्हतं, दारावर कोणी नव्हतं. दहा शून्यं नीट, गोल काढली. हात थांबला. आणि मग पाच लिहिले.

मागे शरद येऊन उभा होता. तो बोटाने हवेत मोजत होता, हुबेहूब तुमच्यासारखा.

"एक शून्य राह्यलं," तो म्हणाला आणि खडू घ्यायला हात पुढे केला.

मी खडू मुठीत धरला. "राहू द्या," मी म्हटलं. "पिऊ द्या त्याईले."